मीठ-हळद लावलेली बुरशी

आई, तुझी पुडी आज मला माझ्याच हातानं सोडावी लागली गं. हे ऐकायला तुझ्याशिवाय मला कोण आहे?

विद्यापीठात वाळवलेल्या वनस्पती जपायच्या कपाटांवर मी नोकरीला लागले, त्या पावसाळ्यात तू खुटबावहून, मावशीकडून, दौंडच्या गाडीनं थेट माझ्याकडे आलीस. पदराखालून रुमालाची गाठ काढलीस. कुजक्या पांगाऱ्यावरची, कानाच्या पाळीसारखी बुरशी. ओली असताना थुलथुलीत, वाळली की चामडं. मी नुसती सावलीत वाळव म्हणाले होते. पण तू शिरूरच्या मिशन बोर्डिंगात सगळ्या पोरींचा स्वयंपाक करणारी, नुसतं वाळवणं तुला कुठलं पटायला? "पावसाळी हवा, आंबंल म्हून मीठ-हळद चोळली. कैरीच्या फोडीला न्हाई का लावत?" आमचे सर पोट धरून हसले. "बाई, हे लोणचं नव्हे!" तू तोंडाला पदर लावून म्हणालीस, "मंग टाका की. दुसरी धाडते." सरांनी हीच कागदाच्या पुडीत घालून कपाटात ठेवून घेतली. दुसरी यायच्या आत, नाताळच्या तोंडावर, तू प्रभूकडे गेलीस.

तुझा फोटो नाही. बोर्डिंगचं स्वयंपाकघरही पाडलं. उरली ही पुडी. मीठच ते, दर पावसाळ्यात पाणी ओढतं, आणि मी ती दिव्याच्या उबेला धरून बसते. यंदा मात्र बुरा शेजारच्या पुड्यांवर चढला. नवे सर म्हणाले, "धुऊन मीठ काढा, नाहीतर जाळा." मी हात जोडले, रडले, वेगळ्या बरणीत ठेवते म्हणाले. "अहो, बाकीचं कुजलं तर जबाबदार कोण?" त्यांचं बरोबर आहे, आई. तेच मला सोसत नाही.

काचेच्या ताटलीत पाणी ओतलं. बुरशी फुगली, आत्ताच तोडल्यासारखी मऊ झाली आणि पाणी पिवळं झालं. तू बोटांनी चोळलेलं सगळं सुटत होतं आणि मी नुसती बघत होते. बुरशी राहील, तू मात्र त्यातून निघून गेलीस. ते पाणी मोरीत ओतवेना. कीड लागू नये म्हणून पुड्यांना पाऱ्याचं विषारी औषध मीच लावते, त्यामुळे ते पाणी तोंडात घेण्याजोगं नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक?

हे पत्र टाकायचं तरी कुठं? कुणाला सांगू नकोस, मी बोट बुडवून जिभेला लावलं. अजून खारट आहे, आई.