तीन पेल्यांआधी उठणारे

सालका,

सलाम. माझा गुडघा बरा आहे, डोकं मात्र फिरलंय.

आपल्या सहरावी मुलखाची बोलणी म्हणजे नुसतं गुऱ्हाळ झालंय. रोज नवा राजदूत येतो, “वाटाघाटींना आमचा पूर्ण पाठिंबा!” म्हणतो आणि मी केलेल्या चहाचा पहिला पेला अर्धा टाकून पळतो. अगं, आपल्यात तीन पेल्यांआधी उठतं का कुणी? फौजेनं घातलेल्या वाळूच्या भिंतीपलीकडे अडकलेल्या माझ्या बहिणीचं, एंबारकाचं विचारायला तोंड उघडावं, तर खुर्ची रिकामी!

काल भिंतीपलीकडून आलेला, समोरच्या बाजूचा लेहबीब तेवढा तिसऱ्या पेल्यापर्यंत बसला, म्हणून विचारलंच. म्हणाला, “पुदिना कमी पडला, म्हाताऱ्या. तुझ्या बहिणीच्या हातचा परवाच प्यालो, तो चहा!”

जिवंत आहे गं ती, सालका!

शेळ्या दूध देतात ना? पेले घासशील तेव्हा एक जास्त घासून ठेव.

तुझा वैतागलेला,
ब्राहिम