खडपाची खूण

बाबा, आज खडप सापडलं. आपल्या घराचं, म्हणजे तुझं. चिखलाच्या खाडीत पाण्याखाली लपलेला तो एकच खडक, जिताडा मासा ज्याच्या कुशीत येऊन बसतो. त्याची खूण तू थोरल्या काकांकडून घेतलीस आणि दादाला दिलीस. मला दिली नाहीस. पोरीला खडप सांगायचं नसतं, ती उद्या दुसऱ्या घरी जाते आणि खूणही सोबत नेते, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक होतं, मलाही. तरीसुद्धा तू गेल्यापासून एक प्रश्न माझं मन कुरतडत राहिला आहे. रीत होती म्हणून नाही सांगितलंस, की मला तू खरंच परकी धरलीस? ही चिठ्ठी त्यासाठीच आहे, बाकी खुशाली वगैरे काही नाही.

तुझी होडी मला अजून दिसते. सुकाणूवर तू, तोंड खाडीकडे. पुढे नाळेवर थोरले काका, त्यांच्या शेजारी दादा. आणि मध्ये मी, उलटी बसलेली, तोंड तुझ्याकडे, हातात तेलाचा कापलेला डबा. लाकडी होडी, सांध्यांतून पाणी झिरपणारच, ते उपसायचं काम माझं. शाळेला सुट्टी असली की तू मला घेऊन जातोस आणि काका दर वेळी नाक मुरडतात. पोर काय कामाची, म्हणतात. तू म्हणतोस, पाणी उपसायला कोणीतरी लागतंच. दादा तेवढ्यात काठावर वाकून सकाळची भाकरी खाडीला देऊन मोकळा झालेला असतो. मासेमाराच्या पोटी जन्मून ज्याला होडी लागते असा आपल्या अख्ख्या गावात तो एकटाच, पण मुलगा असल्यामुळे पुढची जागा त्याची.

तू मला उलटी बसवलीस त्या पहिल्या दिवशी काकांनी विचारलंच, हिला अशी का बसवलीस म्हणून. तू त्यांच्याकडे बघितलंही नाहीस. मलाच म्हणालास, "त्या करनाल्याच्या अंगठ्यावं डोला ठेव, म्हंजे मलमलनार नाय. अंगठा उघारीवं आला का हात थांबव." तुझ्या खांद्यामागे लांब कर्नाळ्याचा सुळका उभा होता, खरंच अंगठ्यासारखा, आणि त्याच्या अलीकडे मिठागराच्या बांधावरची दगडी उघाडी, भरतीचं पाणी आत-बाहेर सोडायची. होडी पुढे जाई तसा अंगठा हळूहळू सरकत उघाडीकडे यायचा. तो तिच्यावर उभा राहिला की मी डबा खाली ठेवायची, तू नांगर सोडायचास. मला ती माझ्या सुट्टीची वेळ वाटायची. शाळेतल्या घंटेसारखी. काका समाधानाने विडी पेटवत, कारण खरी खूण पुढे होती आणि माझी पाठ तिकडे होती.

एकदा मात्र मी विचारलं. स्वयंपाकघरात आई जिताड्याची खवलं काढत होती, तू नि मी पाटावर जेवत होतो, काका दारात. मी म्हटलं, दादाला खूण सांगणार तेव्हा मलाही सांग. काकांनी आईकडे बघत ऐकवलं की पोरीला सांगितलेलं खडप सासरच्या चुलीवर शिजतं. मला वाटलं तू काहीतरी बोलशील. तू बोललास, पण मला. "गप जेव. परत इचारलास तं होरीत घेनार नाय." त्या रात्रीचं कालवण मला कडू लागलं. आई म्हणाली हळद जास्त पडली असेल. आईचं सगळ्यावर उत्तर तयार असायचं.

आता इकडचं सांगते. ज्या डोंगराच्या खाचेवरून दादाची खूण होती तो उलव्याचा डोंगर राहिला नाही. विमानतळासाठी तो कापला, सपाट केला. गावही उठलं, ज्या वडाच्या शेंड्यावर ती खाच बसवायची तो वडही गेला. मी खांदा कॉलनीत राहते, दादा उलव्यात, तिसऱ्या मजल्यावर, आणि खिडकीतून विमानं मोजतो. द्रोणागिरीच्या गोदामातून निवृत्त झाल्यावर त्याला एकदम खाडीची आठवण आली. आम्ही दोघांनी मिळून एक छोटी फायबरची होडी घेतली, तिला चालवायला मागे लावायचं मशीन घेतलं, आणि मासा दाखवणारा तो पडदा, फिश फायंडर म्हणतात. दादाचं म्हणणं, डोंगर गेला तर गेला, पडदा खडप शोधेल. त्या दिवशी त्याने मला तुझी खूण सांगितली, शब्दन्‌शब्द. खाच शेंड्यावर. आता ती कोणालाही सांगितली तरी चालत होती. मला त्यात काही आनंद झाला नाही.

दादाला होडी अजून लागते, त्यामुळे मशीन माझ्या हातात. पहिले काही रविवार पडद्यावर नुसता कचरा दिसला, तळ कुठे, पाणी कुठे, काही कळेना. दादा म्हणाला वस्तू खराब निघाली, परत करू. खराब काही नव्हतं. मशीन मागच्या फळीला अडकवतात तिथे पट्टीला भोकं असतात आणि त्यात एक सळई. सळई बाहेरच्या भोकात घातली की मशीन मागे झुकतं आणि नाळ वर उठते, आत घेतली की नाळ खाली बसते. दादाने मेकॅनिकला सांगून ती पार शेवटच्या भोकात घालून घेतली होती, कारण नाळ उचललेली होडी त्याला जोरात जाणारी वाटते. मग मागची बाजू पाण्यात बसणार, पंख्याचा फेस उसळणार, आणि पडद्याचा सेन्सर त्याच फळीखाली. त्याला बिचाऱ्याला फेसच दिसणार. मला तुझं बोलणं आठवलं. बर्फाची पेटी मी मागे ठेवली होती तेव्हा म्हणाला होतास, "होरी नाक वर करून चालली हाय, तुज्यासारकी. भार पुरं घे." मी सळई आतल्या भोकात घातली, बर्फाची पेटी पुढे सरकवली आणि दादालाही नाळेवर बसवलं. त्याचं वजन आता कामाला येतं. पडदा एकदम स्वच्छ झाला. खालचा चिखल सरळ रेघेसारखा दिसायला लागला.

पण खडप नाही मिळालं. खाडी रुंद, भरावाने वळण बदललेलं, आणि पडदा आपल्या पोटाखालचंच तेवढं दाखवतो, आजूबाजूचं नाही. कुठून कुठे फिरायचं हेच माहीत नसेल तर तो तरी काय करणार. दादा कंटाळला. आज सकाळी तो म्हणाला, हा शेवटचा रविवार, मग होडी विकू. परत फिरायचं म्हणून वेग कमी केला तर मागची लाट आत आली. दादाला सुकाणू दिलं आणि मी मध्ये बसून पाणी उपसायला लागले. सवयीने उलटी बसले. त्याच्या खांद्यामागे कर्नाळ्याचा अंगठा होता. त्याच्या अलीकडे बांधावर झुडपांतून तीच दगडी उघाडी, एक खांब पडलेला, एक उभा. अंगठा तिच्या थोडा डावीकडे होता.

माझे हात थांबले. दादाला म्हटलं, डावीकडे घे. अजून थोडं. अंगठा खांबावर आला, तसं त्याला म्हटलं, आता असाच सरळ चाल, मागे बघू नकोस. मी पडदा मांडीवर घेतला. बराच वेळ चिखलाची सरळ रेघ. मग ती रेघ वर चढली, टणक, जाड. मी बांबू खाली सोडला, तो टक्‌कन आदळला आणि हाताला झिणझिण्या आल्या. रडू आलं. बांबू सोडायला दादाकडे पाठ फिरवली होती म्हणून बरं.

दादा बघतच राहिला. "तुला कोनी सांगलं?" त्याने विचारलं. मी म्हटलं, पडद्याने. ते त्याला पटलं, त्याचे पैसे वसूल झाले. पडद्यावर एक मासा कमानीसारखा उमटला आणि निघून गेला, गळाला काही लागलं नाही. ती जागा पडद्यात साठवायचं बटण असतं. दादा दाब म्हणाला, मी दाबल्यासारखं केलं. होडी विकायची गोष्ट परतताना निघाली नाही.

ही चिठ्ठी मी कुठे पाठवणार? तुझ्या घराच्या जागेवरून आता विमानं उडतात. घडी करून मशीनच्या सळईसोबत पिशवीत ठेवते, भिजली तर भिजू दे. एवढंच राहिलं होतं. काकांसमोर तू मला उलटी बसवलीस ती मळमळू नये म्हणून, असं मी इतकी वर्षं धरून चालले. आज घरी आल्यावर चहा गाळताना लक्षात आलं. होडी दादाला लागायची. मला कधीच लागली नाही, एकदाही नाही, आणि हे तुला माहीत होतं.