काढता पाय

४ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी

आजपासून माझी ड्यूटी सुरू. पगार नाही, पण ड्यूटीच. लेकीची बाळंतपणाची सुट्टी संपली. ती आता घरीच कॉम्प्युटर लावून बसणार आणि पिटुकलीला दिवसभर मी बघणार. मी आजी झाले हे बसस्टॉपवर सगळ्यांना सांगून झालं. एक बाई म्हणाली, मला चार नातवंडं आहेत. असतील. पण ती नुसती चार, माझी ही एकच पण बघत राहावं अशी.

लेकीची अट एकच. दुपारी तिच्या मीटिंगा असतात, तेव्हा बाळ झोपलेलं पाहिजे. थोडे दिवस बघू म्हणाली, नाही जमलं तर विहीणबाई यायला तयार आहेत. त्यांचा हात म्हणे फार हलका. मी त्यांना हळूबाई म्हणते, मनातल्या मनात.

न जमायला काय झालं? जन्मभर पायाने शिलाई मशीन मारलं, अख्ख्या गल्लीला कपडे घातले. माझ्या पायासारखा शहाणा पाय नाही. मी झोपले तरी तो काम करतो, असं आमचे हे म्हणायचे.

संध्याकाळी

पिटुकली झोपली नाही. मला बघून इतका आनंद झाला तिला, की मांडीवर डोळे टक्क उघडे. पहिलाच दिवस, चालायचंच.

बसमध्ये शेजारी एक पोरगा बसला होता. पांढरा शर्ट, काळी पँट, बूट असे चकचकीत की त्यांच्यात बघून भांग पाडावा. पण काय ती चुळबुळ! पाय इकडे घे, तिकडे घे, सीटखाली सार, परत बाहेर काढ. सगळं सीट गदगदत होतं. त्याचं नाव ठेवलं चुळबुळ्या.

बस मात्र चांगली आहे. माझे पाय खाली पोचत नाहीत, पण सीटसमोर खाली एक मऊसा उंचवटा आहे, त्यावर पाय छान टेकतो. म्हाताऱ्यांची सोय केलीय. फक्त तो कधी असतो, कधी नसतो.

६ नोव्हेंबर, बुधवार

आज परत तोच. मी चढले तर उठून खिडकी दिली. तेवढं वळण आहे. पण बसला आणि झालं सुरू. मधेच वाकून रुमालाने बूट पुसला. थोड्या वेळाने परत पुसला. पुरुषाच्या जातीने एवढं नटू नये.

पिटुकली झोपली नाही. चुळबुळ्यामुळे माझ्या अंगाला कंप भरतो आणि तो पोरीला लागतो, असं माझ्या लक्षात आलंय. लेकीला सांगितलं. ती हं म्हणाली. मीटिंगमध्ये होती.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

आज लबाड मागे जाऊन उभा राहिला. मी शेजारी पिशवी ठेवून जागा धरली होती. हाक मारली, ये बाळा. तो म्हणाला उभा बरा आहे. मग मी सगळ्या बसला ऐकू जाईल असं म्हटलं, की हल्लीच्या पोरांना म्हाताऱ्या माणसांशेजारी बसायची लाज वाटते. आला मुकाट्याने.

मी याला सरळ करणार. नातीसाठी करणार. हा सुधारला की माझा कंप जाणार, कंप गेला की पोरगी झोपणार. किती सोपं आहे.

बोलतं केलं त्याला. मोठ्या हॉटेलात वेटर आहे. नवीन आहे, अजून कायम केलेलं नाही. साहेब रोज सकाळी दारात उभा राहून सगळ्यांचे बूट बघतो म्हणे. मी म्हटलं, साहेबाने बूट बघण्याआधी पाय बघावेत. शेजारपाजारचे हसले. मी बोलते चांगलं, शाळेत गेले असते तर वकील झाले असते.

११ नोव्हेंबर, सोमवार

उपाय सापडला. पिशवी त्याच्या मांडीवर ठेवली. आत दुपटी, माझा डबा, पाण्याची बाटली, आणि वजनाला म्हणून जुनी लोखंडी इस्त्री घातली होती. गुडघा गप्प. पाऊल मात्र खाली वळवळतच होतं. मग मी उंचवट्यावर पाय चांगला रोवून बसले आणि त्याला पिटुकलीच्या उचकीची गोष्ट सांगितली, अगदी पहिल्यापासून. तो मधेच "आजी, पाय..." असं काहीतरी म्हणायला लागला. मोठी माणसं बोलताना मधे बोलू नये, एवढंच सांगितलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पश्चात्ताप. चांगली खूण आहे.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

जावयाचा चहा टेबलावर सांडला. मी समोर बसले होते म्हणून सांगते, कोणी हात लावला नव्हता, कप आपोआप चालत कडेला गेला. जावयाने टेबलाच्या पायाखाली कागदाची घडी घातली. तरी चालला. मग ते टेबलाकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघत बसले. गुणी आहेत, बोलत काही नाहीत.

रविवारी हळूबाई येऊन गेल्या म्हणे. पिटुकली त्यांच्या मांडीवर दुपारभर झोपली. झोपणारच. तिथे करमत नसेल.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

आज सोक्षमोक्ष झाला.

सकाळपासून त्याचं लक्षण ठीक नव्हतं. सारखा घड्याळ बघत होता. आज त्याला कायम करायचं की नाही ते साहेब ठरवणार होता, हे मला त्यानेच काल सांगितलं होतं. मी म्हटलं, आजच तर तू शांत बसायला पाहिजेस. आणि पाय रोवला. तेव्हा तो माझ्याकडे वळला आणि अगदी स्पष्ट म्हणाला,

"आजी, पाय काढता का इथून?"

मला! तिकीट काढलेल्या बाईला! इथून पाय काढा! माझ्या सख्ख्या भावजयीनेसुद्धा मला असं तोंडावर सांगितलं नव्हतं, ती नुसतं दार उघडून उभी राहायची.

मी उभी राहिले आणि कंडक्टरला सांगितलं, की हा मला बसमधून काढता पाय घ्यायला सांगतोय. बस पेटली. एक म्हणाला, तुला आजी नाही का. एक म्हणाला, ओढा याला. तो सांगत होता, तसं नाही हो, माझा बूट, माझा बूट. अशा वेळी याला बूट सुचतो! मी पदर डोळ्याला लावला. डोळे कोरडे होते, पण लांबून कळत नाही. कंडक्टरने घंटी मारली आणि त्याला मधेच उतरवलं, जिथे स्टॉपही नाही.

खिडकीतून बघितलं. एक पाय लंगडत चालला होता. नाटकी मेला.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

चुळबुळ्या नाही. पूर्ण सीट माझं. काय सुख सांगू.

फक्त सीट अजून हलतं. त्याने इतके दिवस हलवलं, ते स्प्रिंगांत मुरलं असणार. उठून दुसऱ्या सीटवर बसले, तेही हलतं. सगळीकडे बसून ठेवलं होतं वाटतं मेल्याने.

आणि तो पाय टेकायचा उंचवटाही गेला. बसमधली वस्तूसुद्धा सोडत नाहीत लोक.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

कंडक्टरला चुळबुळ्या रस्त्यात भेटला होता. नोकरी गेली त्याची. पोचायला उशीर, आणि एका बुटावर टाचेचा ठसा, चामडं पार चेपलेलं. साहेबाने दारातूनच परत पाठवलं. मी म्हटलं, बरं झालं, आता घरी बसून शांत बसायची प्रॅक्टिस करील. कंडक्टर हसला नाही. त्याने खाली माझ्या चपलेकडे बघितलं आणि मला ड्रायव्हरमागच्या एकट्या सीटवर बसवलं. मान आहे तो, सगळ्यांना मिळत नाही.

पुढच्या स्टॉपला ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, खाली उतरला, चाकं बघून आला. खालून टकटक येतेय म्हणाला. मी म्हटलं, जुनी गाडी आहे.

पिटुकली झोपली नाही. लेक मीटिंगमधून उठून दोनदा बाहेर आली. आता कंपाचं कारणही सांगता येत नाही, तो तर गेला. दात येत असतील.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार. दुपारी

झोपली! पाळण्यात ठेवली, शेजारी खुर्ची घेतली, पाळण्याच्या खालच्या दांडीवर पाय टेकवला आणि डोळे मिटले तिने. इतकी गोड दिसत होती. आता हळूबाईंनी यावं आणि बघावं. हेच लिहायला घेतलं, तेवढ्यात परत कुरकुर सुरू झाली. थांबते.

संध्याकाळी

लेक आतून आली. दारात उभी राहून बराच वेळ खाली बघत होती. पाळणा थडथडत होता, पोरगी लाल होऊन रडत होती. मी म्हणणार होते की पाळण्याचा स्क्रू सैल झालाय.

"आई," ती म्हणाली, अगदी हळू, "पाय काढतेस का?"

मी खाली बघितलं. दांडीवर एक पाय होता, मशीन मारावं तसा चालला होता. मला वाटलं कुणाचा हा. चप्पल माझी होती.

काढला. पिटुकलीने एक हुंदका दिला आणि झोपली.

सोमवारपासून विहीणबाई येणार आहेत. लेक म्हणाली, तुझी दगदग वाचेल. मी पिशवी भरली. लेक दार उघडून उभी होती.

बसमध्ये माझ्या जुन्या सीटवर बसले. शेजारी पिशवी ठेवून जागा धरली. गर्दी होती, माणसं उभी होती. कोणी बसायला आलं नाही. सीट हलत होतं.