पाइपावरचं काळं प्लास्टिक

अपेक्षाचे बाबा,

आईले घेऊन नेरच्या दवाखान्यात चालली. पाय धुवाले त्याईनं मोरीतला नळ सोडला आन् दोनी पायावर कढत पानी पडलं. मोठे फोड आले हायेत. तुमाले दोनदा हलवलं, तर "उठतो, उठतो" म्हनून कूलरकडे तोंड केलं आन् परत घोरू लागले.

होळीपासून सांगून राह्यली का स्लॅबवरचा पाइप उन्हात तापते, त्याले बारदान गुंडाळा. तुमी मोबाइलात पाहून काळं प्लास्टिक गुंडाळलं. उन्हात काळं जास्त तापते, हे अपेक्षाले चौथीत समजलं. वरून गावभर सांगत फिरले, पाइप थंडा केला म्हनून.

प्लास्टिक मी फाडून फेकलं. भिजवलेलं बारदान आन् सुतळी जिन्यात ठेवली हाये. गुंडाळाले अक्कल लागत नाही, म्हनून तुमाले सांगून राह्यली.

आईले आटोत बसवलं तवा त्याईनं विचारलं, "जीवन कुठं हाये?"

मी म्हनलं, "पाइप झाकून राह्यले."

त्याईले बरं वाटलं. आमी परत येईपर्यंत तेवढं तरी खरं करा.

पुष्पा