बुटात न मावणारी जोडवी

मुखेड, मंगळवार

तीर्थरूप अक्कांच्या पायांवर डोकं ठेवून धाकट्या भावजयीचा, सिंधुचा, नमस्कार. (पत्र पायांबद्दलच आहे, म्हणून सुरुवातही तिथूनच केली.) तुमचा गुडघा कसा आहे? व्यंकटराव दाजींचा खोकला गेला का? लातुरात सध्या किती दिवसांआड नळ येतो? हे सगळं फोनवरही विचारता आलं असतं, पण फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, आणि मी बोलायला लागले की तुम्हाला ऐकू येत नाही. म्हणून पत्र. शिवाय पाकिटातून एक वस्तूही पाठवायची आहे, तिचं शेवटी सांगते.

माझ्या टाचेचं तुम्हाला माहीतच आहे. गेल्या माळेगावच्या जत्रेत आपण दोघी चहाच्या हॉटेलातल्या बाकड्यावर सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत बसलो, आणि घोडे बघून आलेल्यांनी आपल्याला घोडे कसे होते ते सांगितलं. माझ्या लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण असं पहिल्यांदा झालं. निघताना तुम्ही एस.टी.च्या खिडकीतून म्हणालात, "आता झालं सिंधु आपलं." ते मला वर्षभर टोचत राहिलं, टाचेपेक्षा जास्त. यंदाची जत्रा तुमच्यासोबत पायी फिरायची, एवढं एकच मनात धरून मी नांदेडच्या डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, टाचेचं हाड वाढलंय, दिवसभर वर्गात उभं राहता, स्लिपर बंद करा, मऊ तळाचे बूट आणि मोजे रोज घाला. मी विचारलं, साडीवर? ते म्हणाले, टाचेला साडी दिसत नाही.

तुमचे भाऊ सोबत होतेच. दवाखान्यातून आम्ही थेट बुटांच्या दुकानात गेलो. अक्का, ते दुकान तुम्ही बघायलाच हवं. काचेचं दार, आत थंडगार हवा, तोंड दिसेल अशी फरशी, आणि भिंतीवर छतापर्यंत बूटच बूट, प्रत्येकाला आपापला वेगळा दिवा. (आमच्या शाळेत चौथीच्या आख्ख्या वर्गाला एक दिवा आहे, तोही मिचमिचतो.) इतकं स्वच्छ, इतकं शांत, की माझ्या पायांनी मला न विचारता जे करायचं ते केलं. मी चपला दाराबाहेर काढल्या आणि आत गेले. तुमच्या भावांनीही काढल्या. फक्त हात जोडायचे राहिले होते.

आत राजश्री नावाची मुलगी होती, धर्माबादची. तिने मला खुर्चीत बसवलं आणि स्वतः खाली बसून माझा पाय हातात घेतला. माझा जीव नुसता संकोचला. चुलीपुढे, वर्गापुढे, शेतात भेगाळलेला हा पाय, आजवर कोणी असा हातात घेतला नव्हता. नाही, एकदा घेतला होता. लग्नात जोडवी घालताना, तुम्ही. तेव्हा तुमचे हात गार होते आणि तुम्ही हळूच विचारलं होतं, दुखतंय का. ते मला त्या थंड दुकानात आठवलं आणि डोळे भरून आले. राजश्रीला वाटलं टाच दुखली. तिने पायाखाली एक पट्टी सरकवली आणि सांगितलं, डावा पाय उजव्यापेक्षा मोठा आहे. छप्पन्न वर्षांची झाले, मुलांना मापं शिकवतेय, आणि माझेच पाय सारखे नाहीत हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

मग तिने पांढरे मोजे घातले आणि वर स्नीकर. मी उभी राहिले. अक्का, काय सांगू. जमीनच नव्हती. म्हणजे होती, पण ती जाणवत नव्हती. पाऊल टाकलं की खालून कोणीतरी अलगद वर उचलून देत होतं. तीन पावलं टाकली आणि चौथ्याला ओरडले, कारण जोडवी बोटात रुतली. मोठा नंबर घातला तर टाच सुटू लागली. पातळ मोजे घातले, तर ते जोडव्यांनी फाटले. शेवटी राजश्रीने फार हळू आवाजात विचारलं, ही काढता येतील का. मी साडीचा काठ पायांवर ओढला. इतका वेळ मोज्यांच्या किमती वाचत उभे असलेले तुमचे भाऊ वळून म्हणाले, "काढ की मंग. मी काय आत्ताच मरून राहिलो का?"

मी म्हटलं, असलं बोलू नका, जोडवी अक्कांनी घातलीत, अक्कांना विचारल्याशिवाय काढणार नाही. आणि बूट न घेता बाहेर आले. बाहेर माझ्या चपला नव्हत्या. पायताणाच्या दुकानापुढून पायताण चोरीला जाणारी जिल्ह्यात मी एकटीच असेन. (तुमच्या भावांच्या चपला तिथेच होत्या. याचा त्यांना अजून राग आहे.) अनवाणी मुखेडपर्यंत कशी येणार? परत आत गेले आणि ते बूट, तीन जोड मोज्यांसकट, घेतले.

आता रोज शाळेत चालत जाते आणि चालत येते. परवा आठवडी बाजार कुठेही न टेकता फिरले, आणि घरी आल्यावर कळलं की भाजी घ्यायची राहिली, नुसतीच चाललेय. बायका हसतात. हसू देत. तर अक्का, जोडवी काढायची परवानगी द्यावी, ही विनंती. तुम्ही नाही म्हणालात तर नाही.

आपली,
सिंधु

ता. क. तुमचं उत्तर यायला वेळ लागेल, म्हणून जोडवी काढली आहेत. साबण, खोबरेल आणि दोरा, तासभर लागला. आज नऊ दिवस झाले. तुमचे भाऊ ठणठणीत आहेत. जेवण वाढलंय, काल दोनदा भांडले.

ता. क. २. सोबत दोन कोरे कागद आहेत, तीच ती वस्तू. एकेकावर एकेक पाय ठेवून, उभं राहून, पेन्सिलीने कड काढून पाठवा. बसून काढू नका, बसल्यावर पाय लहान भरतो असं राजश्री म्हणाली. जोडवी काढून कड काढायची की ठेवून, ते तुम्ही आणि दाजी ठरवा. माळेगावला बाकड्यावर बसायचं नाही, घोडे आपण स्वतः बघायचे.

ता. क. ३. काढलेली जोडवी देव्हाऱ्यात ठेवली होती, ती दुसऱ्याच दिवशी नाहीशी झाली. घर पालथं घातलं. आज सकाळी तुमचे भाऊ आंघोळीला निघाले तर काहीतरी खुळखुळलं. त्यांनी ती आपल्या करदोड्यात ओवलीत. विचारलं तर मान खाली घालून म्हणाले, "भ्या न्हाई मला. पण कुणीतरी घालाया पाहिजे ना." मी बूट घातले आणि शाळेत निघून आले. तेव्हा तुम्ही काढायच्या आधी दाजींचा करदोडा तेवढा पक्का आहे का, बघून घ्या.