सरूबाईंच्या दुधाचा आकडा

प्रिय पप्पा,

केजहून सुवार्ताचा सलाम. खोली, पाणी, डबा सगळं ठीक आहे. मम्मीचा गुडघा कसा आहे?

निघताना तुम्ही म्हणालात, "पवित्र राहा." इथे त्याचा संबंध दुधाशी आला. संकलन केंद्रात मी दूध तपासते आणि त्यात पाणी किती, तो आकडा रांगेसमोर मोठ्याने वाचते, अशी पद्धत आहे. रोज दूध घालायला येणाऱ्या सरूबाईंच्या दुधात पाणी निघालं.

"म्हस नदीत लई डुंबली, बाई. आत गेलं असंल," त्या म्हणाल्या.

त्यांनी विनवूनही मी आकडा बदलला नाही. फक्त तो त्यांच्या कानात सांगितला.

कुजबुजलं म्हणजे पाणी, हे रांगेने लगेच ओळखलं. म्हणून मी सगळ्यांनाच कानात सांगू लागले. त्यावर रांगेतले शहादेवमामा भडकले. "माझं चांगलं हाय, माझं तरी वरडून सांगा की!" साहेबांकडे तक्रार गेली. नोकरी अजून आहे.

आज सरूबाई नेहमीपेक्षा निम्मंच दूध घेऊन आल्या. रांगेकडे बघत म्हणाल्या, "आज मोठ्यानं वाच."

मी वाचलं. आवाज जरा जास्तच चढला.

रविवारी प्रार्थनेत त्यांच्या म्हशीचीही आठवण करा.

तुमची,
सुवार्ता