मंगळवारी साडेदहाची वेळ

प्रिय भुंग्या,

फोन करायचा सोडून ताई पत्र काय लिहीत बसली, असं म्हणशील. एक तर फोनवर तू मला बोलू देत नाहीस. लहानपणापासून तुझी गुणगुण कानाशी चालूच, म्हणून तर हे नाव पडलं. आणि दुसरं म्हणजे, फोनवरच्या माझ्या आवाजावर आता माझाच भरवसा राहिलेला नाही. सोमवारपासून मला काही सुचत नाही. दूध तापत ठेवते आणि गॅस लावलेलाच नसतो. कालपासून चार कागद फाडले. हा पाचवा, तो शेवटपर्यंत वाच.

आधी बाबांचं सांगते. डोळा वरून अगदी चांगला दिसतो. पट्टी गेली, लालीही गेली. पण उजव्या डोळ्याने त्यांना फक्त उजेड कळतो, तोही खिडकीकडे तोंड केलं तर. काल हट्टाने दुकानात गेले. मी डबा द्यायला गेले तेव्हा दारातूनच पाहत उभी राहिले. सवयीने त्यांनी भिंग उजव्या डोळ्याला लावलं, काढलं, मग डाव्याला लावलं. डाव्या डोळ्याला ते धरतच नाही रे, घसरून खाली पडतं. चाळीस वर्षं त्या एका डोळ्याने घड्याळं उघडली त्यांनी. शेवटी एका गिऱ्हाइकाच्या घड्याळाला नुसता पट्टा बसवून दिला आणि घरी आले. मला म्हणाले, आज कामच नव्हतं फारसं. टेबलावर सात घड्याळं उघडी पडलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली होती.

वेळेवर तपासलं असतं तर डोळा वाचला असता, हे तू म्हणतोस ते खरंच आहे. डॉक्टरांनी मलाही तेच सांगितलं. डोळ्यातल्या पडद्याला बारीकशी चीर गेली होती. पहिल्या आठवड्यात आले असते तर लेझरचं दहा मिनिटांचं काम होतं. बाबांना डोळ्यासमोर डास उडताना दिसत होते आणि कडेला वीज चमकल्यासारखी होत होती. डोळ्यांच्या दवाखान्यात फोन केला तेव्हा वीज त्यांनी सांगितलीच नाही, नुसते डास सांगितले. आपले बाबा! घर पेटलं तरी शेजाऱ्यांना म्हणतील, जरा उकडतंय. फोनवरच्या बाई म्हणाल्या, मंगळवारची एक वेळ होती ती आज सकाळीच गेली, आता एकोणीस दिवसांनी या. बाराव्या दिवशी डोळ्यावर काळी सावली उतरली, धावपळ करून ऑपरेशन केलं, पण नजर परत आली नाही. तू संतापलास आणि त्या बाईंविरुद्ध तक्रार धाडलीस, की ओळखीच्यांना वेळा वाटतात आणि म्हाताऱ्या माणसाला ताटकळत ठेवतात. शुक्रवारी त्यांची चौकशी आहे. नोकरी गेल्यातच जमा आहे, असं तिथली नर्स मला म्हणाली.

आता माझ्या नोकरीचं ऐक. तू लोकांना सांगतोस, ताई दिवसभर फोनवर असते. असते, पण कशासाठी ते तू कधी विचारलं नाहीस. माणसाला डॉक्टर किती दिवसांत भेटतो, ते आम्ही मोजतो. रुग्ण असल्यासारखा फोन करायचा, कारण पाहणी चालू आहे म्हटलं की सगळीकडे उद्याचीच वेळ मिळते. पहिली मोकळी वेळ विचारायची, मग दुसरी, मग तिसरी, आणि तक्त्यात तिसरी लिहायची. पहिली कुणाचं तरी येणं रद्द झाल्यामुळे मिळालेली असू शकते, तिसरीवरून खरी परिस्थिती कळते. नव्या मुलींना हे मीच शिकवते आणि शिकवताना माझी मान जरा ताठ होते. वेळ घ्यायची नाही, हा नियम. पण काही दवाखाने नाव टिपून घेतल्याशिवाय पुढच्या तारखा सांगतच नाहीत. तिथे नाव द्यायचं आणि त्याच दिवशी पुन्हा फोन करून ते काढायला सांगायचं. त्यासाठी तक्त्यात ‘रद्द केले’ असा शेवटचा रकाना आहे. साहेब पाचच्या ठोक्याला तक्ते गोळा करतात आणि दुपारनंतर दवाखान्यांचे फोन काही केल्या लागत नाहीत. म्हणून आम्ही सगळ्याजणी त्या रकान्यात आधी खूण करून टाकतो आणि फोन दुसऱ्या दिवशी सकाळी करतो. आठवण राहिली तर.

आणि रोज तीस नावं आणायची कुठून? शेजारपाजार संपला, वर्गमैत्रिणी संपल्या. बाबांनी दवाखान्यात फोन केला त्या आठवड्यात मी आपल्या शाळेतल्या नावांवर आले होते. शिपायाला मी कावीळ लावली, चित्रकलेच्या सरांची कंबर धरवली, मुख्याध्यापकांना खरूज दिली. तुला पट्टी मारायचे ना, म्हटलं घ्या. मजा यायची रे, खोटं कशाला बोलू. त्याच आठवड्यात गुरुवारी संध्याकाळी बाबा सहज म्हणाले, डोळे दाखवायचे आहेत, पण एकोणीस दिवसांनी बोलावलंय, चालेल ना गं? मी नखं कापत बसले होते. म्हटलं, एकोणीस म्हणजे चांगलंच की, बाबा. डोळ्यांच्या डॉक्टरांची सरासरी एकवीस आहे. ते म्हणाले, तू मोजतेस म्हणजे बरोबरच असेल. आणि निश्चिंत मनाने रेडिओ लावून बसले. काय होतंय, कधीपासून होतंय, हे मी विचारलंसुद्धा नाही. आकडा ऐकला आणि माझं काम झालं.

परवा सोमवारी बाबांना तपासायला घेऊन गेले. ते आत होते. मी बाहेर त्या बाईंच्या खिडकीपाशी तावातावाने उभी राहिले. तुझाच राग माझ्याही अंगात होता. पन्नाशीच्या आहेत. बोटाला शाई, टेबलावर अर्धी खाल्लेली चपाती. त्या ओरडल्या नाहीत की रडल्या नाहीत. त्यांनी वही काढली आणि माझ्याकडे फिरवली. म्हणाल्या, ताई, तुम्हीच बघा, मी कुणाला जागा दिली ती. माझ्या ओळखीची बाई असेल तर आत्ता घरी जाते. मंगळवार, साडेदहा. समोर नाव होतं आपल्या गणिताच्या बाईंचं, आडनावासकट. पुढे लाल शाईत, ‘आल्या नाहीत. फोन लागत नाही.’ भुंग्या, बाईंना जाऊन आठ वर्षं झाली. आपण दोघं गेलो होतो शेवटच्या दर्शनाला. मला आधी वाटलं, त्याच नावाची दुसरी कुणी असेल. मग त्या ओळीतला फोन नंबर वाचला. तो आमच्या कचेरीचा आहे, त्यावर बाहेरून फोन येत नाही. खिडकीतल्या बाई बोलतच होत्या, की पाऊण तास वाट पाहिली, चार वेळा फोन लावला, डॉक्टर त्या वेळी रिकामे बसून पेपर वाचत होते. मला नुसते ओठ हललेले दिसत होते. आतून बाबा माझा हात शोधत बाहेर आले, आणि मी त्यांना तो दिलासुद्धा नाही. मला स्वतःचा हात पुढे करता येईना.

कचेरीत जाऊन त्या गुरुवारचा तक्ता काढला. माझंच अक्षर, आणि शेवटच्या रकान्यात माझीच खूण, ठळक. शुक्रवारी सकाळी मी फोन केला नव्हता. का नाही केला, ते आठवत नाही. काही घडलं असतं, कुणी आजारी असतं, तर निदान सांगता आलं असतं. तसं काहीच नव्हतं, मी विसरले. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा मी आहे. शेजारच्या टेबलावरचे तक्तेही चाळले. खुणाच खुणा. आमची किती खोटी माणसं किती वह्यांत वेळ अडवून बसली आहेत कोण जाणे, आणि तेच दिवस आम्ही अहवालात मोजतो आहोत.

तुझ्या तक्रारीवर तुझी सही आहे, म्हणून सगळ्यांत आधी तुला लिहिते आहे. ती मागे घे, आजच घे. चोर सोडून संन्याशाला फाशी देऊ नकोस. ती वेळ ओळखीच्यांत वाटली गेली नव्हती रे, ती बाबांच्या मुलीने घेतली होती. मला काय बोलायचं ते बोल, पण बाबांना फोन करताना आवाज चढवू नकोस. त्यांना मी आज दुपारच्या जेवणानंतर सांगणार आहे. तू वाचशील तेव्हा त्यांना कळलेलं असेल. चौकशीच्या कचेरीत सकाळी फोन करून विचारलं, मला साक्ष द्यायची आहे, कधी येऊ? त्यांनी शुक्रवारी साडेदहाची वेळ दिली आणि नाव विचारलं. तोंडात दुसरंच कुणाचं तरी आलं होतं. ते गिळलं आणि माझं सांगितलं.

तुझी, तुला अजून हवी असले तर,
ताई